गणपतीला गावी याल तेव्हा खापरपणजोबांची चौकशी करा

यंदा गणपतीला महाड-पोलादपूरला येणाऱ्या मुंबईकर, पुणेकर, सुरतकर आणि त्याहूनही लांबच्या मंडळींना एक विनंती आहे. आरत्या होतील, जाखडी होईल, पत्त्यांचे डाव होतील. त्यातून दोन तास काढा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी वही घेऊन बसा आणि विचारा, पणजोबांच्या वडिलांचे नाव काय? बहुतेक घरांत आजोबांचे नाव पटकन येते, पणजोबांचे जरा आठवून येते आणि पुढे गाडी अडते. मग कोणीतरी हमखास म्हणतो, "आपले पूर्वज महाराजांच्या सैन्यात होते." म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीचे ठाऊक आहे आणि दीडशे वर्षांपूर्वीचे ठाऊक नाही. मधली माणसे गेली कुठे?

ती मधली माणसे एकोणिसाव्या शतकातली. खोताला मक्ता भरणारी, वरकस जमिनीत नाचणी-वरी काढणारी, दासगाव-बाणकोटच्या खाडीतून गलबताने मुंबई गाठणारी. १८५४ नंतर मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांतली कित्येक तिकडे गेली. काही पलटणीत गेली, काही थेट मॉरिशसला. गडकिल्ल्यांच्या इतिहासात त्यांना जागा नाही, पण तुमचे आडनाव, तुमची वाडी आणि मुंबईतली तुमची खोली बहुधा त्यांच्यामुळेच आहे. त्यांचा माग काढणे वाटते तेवढे अवघड नाही. मात्र कुठे शोधायचे आणि कुठे शोधून उपयोग नाही, हे आधी कळले पाहिजे.

अमेरिकेतला माणूस आपला एकोणिसाव्या शतकातला पूर्वज शोधायला बसतो तेव्हा त्याच्या हाताशी जनगणना असते. तिथे १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव, वय आणि जन्मस्थान लिहिले गेले आणि ७२ वर्षे उलटली की ती पाने सर्वांना खुली होतात. आपल्याकडेही १८७२ पासून शिरगणती आहे. पण आपल्या हाती येतात ते फक्त आकडे. अमुक तालुक्यात इतकी घरे, इतके पुरुष, इतक्या बायका. तुमच्या खापरपणजोबांचे नाव त्यात सापडणार नाही, म्हणून तिथे वेळ घालवू नका. १८८३ चे कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर मात्र जरूर वाचा. त्यातही नाव मिळणार नाही, पण महाडच्या बंदरातून काय जात होते, कोणत्या घाटाने बैल चढत होते आणि शेतकरी काय खात होता हे समजेल.

आपल्याकडे नाव मिळते ते जमिनीच्या कागदात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा पहिला कायदा १९०३ चा, त्यानंतरचा १९१३ चा. फेरफारांच्या नोंदी साधारण तेव्हापासून सुरू होतात. तुम्ही म्हणाल, हे तर विसावे शतक झाले. पण वारसाचा फेरफार होतो तो कोणीतरी मेल्यावर, आणि १९१५ किंवा १९२५ ला मेलेला माणूस जन्मलेला असतो मागच्या शतकात. म्हणून सगळ्यात आधी तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन तुमच्या गटाचे जुने सर्व्हे नंबर काढून घ्या, मग त्या नंबरांवरचे सातबारे मागे मागे नेत पहिल्या फेरफारापर्यंत पोचा. शेतवार पत्रक, आकारफोड, फाळणी हे कागद भूमी अभिलेख कार्यालयाकडे असतात. खोतीच्या गावांत बोटखत हा शब्द विसरू नका. १८८० च्या खोती कायद्यानंतर तयार झालेल्या या नोंदींत खोताबरोबर कुळांचीही नावे येतात, आणि एकोणिसाव्या शतकातल्या साध्या कुळाचे नाव सरकारी कागदावर येण्याची ती मोठी जागा. महाभूमीच्या संकेतस्थळावर जुने अभिलेख स्कॅन करून चढवलेले आहेत. आधी तिथे आपले गाव पाहा, म्हणजे हेलपाटे वाचतील.

एक फेरफार कसा वाचायचा ते जरा सावकाश पाहू. समजा, १९२४ च्या नोंदीत लिहिले आहे: धोंडू बिन राघू मयत, वारस मुलगा सखाराम, अज्ञान, पालन करणार आई भागीरथी. एवढ्या एका ओळीत तीन पिढ्या आहेत. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. काही कागदांत त्याच अर्थी 'वलद' लिहितात. बाईच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार' असेल तर पुढचे नाव नवऱ्याचे. 'अ.पा.क.' दिसले तर वारस अज्ञान आहे आणि दुसरे कोणी त्याच्या वतीने उभे आहे. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या एका नावामागे तीन-चार भाऊ दडलेले असतात आणि भावकीच्या दुसऱ्या फांद्या तिथूनच फुटतात.

आता तारखेकडे या. नोंद १९२४ ची आहे म्हणून धोंडू १९२४ ला वारला असे धरू नका. आमच्या डोंगराळ गावांत मयताची नोंद व्हायला वर्षे जात. कोणी सावकार किंवा हिस्सेदार उभा राहिला की मगच लोक तलाठ्याकडे धावत. सखाराम अजून अज्ञान आहे, म्हणजे धोंडू बऱ्यापैकी तरुण वयात गेला. मग १९१८ ची मानमोडी आठवते. त्या साथीत गावेच्या गावे आडवी झाली होती. धोंडू तिच्यात गेला असे कागद म्हणत नाही, तेव्हा वहीत 'शक्यता' असे लिहून ठेवा आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा. धोंडूचा बाप राघू साधारण १८५० ते १८७० च्या दरम्यान जन्मलेला असावा. हाच तुमचा खापरपणजोबा.

या सगळ्यात आडनाव कुठेच आले नाही, हे लक्षात आले का? त्या काळच्या कागदात शेतकऱ्याला आडनाव नसायचे किंवा असले तरी कारकुनाला त्याची गरज वाटत नसे. आडनाव पक्के झाले ते शाळेत, पलटणीत नाहीतर गिरणीच्या तिकिटावर. एका भावाने गावाच्या नावावरून लावले, दुसऱ्याने पूर्वीच्या हुद्द्यावरून, आणि आज दोघांची नातवंडे एकमेकांना परकी समजतात. त्यामुळे आडनावावर शोध घेऊ नका. माणूस, त्याचा बाप आणि जमिनीचा नंबर ही तीन टोके जुळली तरच तो तुमचा धरा. आज्याचे नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने एकाच घरात राघू-धोंडू-राघू-धोंडू अशी माळ सापडते. तिथे दोन राघूंची गल्लत करून एक पिढी गाळणे फार सोपे असते.

गावाच्या नावातही फसगत होते. पोलादपूर तालुक्यात कापडे बुद्रुक आहे आणि कापडे खुर्द आहे. तुर्भे बुद्रुक, तुर्भे खुर्द आणि तुर्भे खोंडा आहे. नवी मुंबईतले तुर्भे निराळेच. कोतवाल नावाची दोन गावे आहेत, म्हणजे जुन्या कागदात 'कोतवाल' दिसले की तो हुद्दा, आडनाव की गाव हे ठरवावे लागते. शिवाय एकोणिसाव्या शतकात पोलादपूर हा वेगळा तालुका नव्हता, ते महाडमध्येच धरले जाई. कुलाबा जिल्हा १८६९ चा, आणि त्याला रायगड हे नाव मिळाले १९८१ ला. कुलाबा जिल्हा होण्याआधी महाडचा कारभार रत्नागिरीशी जोडलेला होता. म्हणून परदेशातल्या किंवा पलटणीच्या एखाद्या नोंदीत पूर्वजाचा जिल्हा 'रत्नागिरी' दिसला तर हा आपला नव्हे म्हणून सोडून देऊ नका.

जमिनीनंतर शाळा. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत जनरल रजिस्टर असते. त्यात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख आणि आधी कुठे शिकला हे लिहिलेले असते. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या, मधल्या सुट्टीत जाऊन त्यांना गळ घालू नका. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४ मागा, त्यालाच काही ठिकाणी कोतवाल बुक म्हणतात. गहाणखते आणि खरेदीखते दुय्यम निबंधकाकडे मिळतात. ही खते मला स्वतःला सर्वांत आवडतात. सातबारा नुसते नाव सांगतो. गहाणखत सांगते की मुलीच्या लग्नासाठी की बैलजोडीसाठी, किती रुपयांना आणि कोणाकडे. साक्षीदारांची नावेही पाहा. साक्षीला माणूस आपल्या भरवशाचा नेतो, त्यामुळे तिथे मेहुणे, व्याही आणि शेजारी भेटतात.

यांतले बरेच कागद मोडीत असतील. घाबरायचे कारण नाही. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, आणि थोडक्या सरावाने नावे, तारखा आणि रकमा लावता येतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत इलाख्याचे कागद आहेत. पण पहिल्याच फेरीत तिकडे पळू नका. ज्यांच्याकडे इनाम, वतन किंवा देशमुखी होती त्यांना तिथे काही हाती लागेल. बाकीच्यांनी आधी गावचे दप्तर संपवावे. २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी वाचक बसवले गेले. दाखल्यापुरता एक उतारा घेऊन कित्येक जण तिथून घरी गेले. ज्यांनी तो उतारा काढला आहे त्यांना सांगणे असे की तुमचे अर्धे काम झालेले आहे. त्याच पानावरच्या वरच्या-खालच्या ओळी पुन्हा एकदा वाचा.

आता तालुक्याच्या कागदांतला मोठा दोष सांगायला हवा. ज्याच्याकडे जमीन, त्याचीच त्यात नोंद. ज्याच्याकडे नाही त्याचे काय? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना हीच भिंत आडवी येते. १८५० आणि १८६० च्या गणतीत गुलामांची नावे नाहीत, मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग. बहुसंख्यांची नावे प्रथम दिसतात ती १८७० च्या गणतीत. आपली गोष्ट त्यांच्याशी तंतोतंत जुळणारी नाही, पण खोताच्या नावामागे पुसली गेलेली कुळे, कातकरी आणि डोंगरावरचे धनगर यांना शोधताना अडचण त्याच जातीची येते. कातकरी वाडीतल्या म्हाताऱ्याकडे सातबारा मागू नका. कोणत्या रानात काताची भट्टी लागायची, कोळसा पाडायला कुठल्या घाटावर जायचे, कोणत्या शेठकडे उचल घेतली, मुलगी कोणत्या वाडीत दिली हे विचारा आणि तो सांगेल ते शब्दशः उतरवून घ्या. त्याचे बोलणे हाच दस्त आहे.

महार समाजासाठी मात्र दोन वाटा आहेत आणि त्या पुष्कळांना माहीत नसतात. पहिली वतनाची. महार वतनाच्या जमिनींची वेगळी रजिस्टरे होती, आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द होईपर्यंत त्यांत वतनदारांची नावे चढत होती. दुसरी वाट पलटणीची. महाड-दासगावच्या पट्ट्यात पेन्शनर शिपायांची घरे पुष्कळ होती. गोपाळबाबा वलंगकर याच भागातले, रावढळचे. १८८६ ला पलटणीतून निवृत्त झाले, १८८८ ला 'विटाळ विध्वंसन' लिहिले, १८९५ ला महाडच्या लोकल बोर्डावर नेमले गेले, १९०० ला वारले. एवढा लिहिता-वाचता, सरकारदरबारी अर्ज-विनंत्या करणारा माणूस, पण त्यांचे जन्मवर्ष विचाराल तर अभ्यासक 'सुमारे १८४०' एवढेच म्हणतात. तेव्हा तुमच्या खापरपणजोबांची जन्मतारीख मिळाली नाही म्हणून खट्टू होऊ नका.

जुनी नावे वाचताना महार नावांचा 'नाक' हा शेवट ओळखायला शिका. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा कोरेगाव भीमाचा जयस्तंभ पाहिलात तर इंग्रजीत कोरलेल्या नावांपैकी २२ नावे अशी 'नाक'ने संपतात. इंग्रज कारकुनाने कानाला आले तसे लिहिले, त्यामुळे ती डोळ्यांनी ओळखू येत नाहीत, मोठ्याने वाचावी लागतात. घरात जुने चांदीचे पदक असेल तर त्याची कड आणि मागची बाजू भिंगाखाली धरा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे बहुधा कोरलेली असते. पदक चिंच आणि राख लावून घासू नका. दोन-तीन दिवाळ्यांत अक्षरे उडतात आणि पदकाचा नुसता रुपया उरतो. पहिल्या महायुद्धात कामी आलेला कोणी असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर नाव घालून फुकट शोधता येते. मेसोपोटेमियात पडलेल्या मराठा शिपायांची नोंद तिथे आहे. पुष्कळांपुढे बापाचे आणि गावाचे नावही लिहिलेले असते. हे शिपाई जन्माने एकोणिसाव्या शतकातलेच. गावाच्या चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत 'या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले' अशी संगमरवरी पाटी असेल तर रंगकाम करणाऱ्याला ती रंगवू देऊ नका.

जी घरे समुद्रापलीकडे गेली त्यांच्याबद्दल थोडे. मॉरिशसला १८३४ पासून करारावर मजूर जात होते, आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसे होती. तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत त्या वेळची रजिस्टरे जपलेली आहेत. माणसाचा नंबर, जहाज, वय, बापाचे नाव, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण, आणि १८६० च्या दशकापासून काहींचे फोटोसुद्धा. गंमत बघा, जो इथे राहिला त्याचे चित्र कुठेच नाही आणि जो मजूर म्हणून बोटीत चढला त्याचा चेहरा दप्तरात आहे. तुमच्या घरात 'एक भाऊ मिरच देशी गेला, परत आला नाही' असे सांगत असतील तर ते हसण्यावारी नेऊ नका. मॉरिशसला आपल्या लोकांनी मिरच म्हटले आहे. तिकडून कोणी मराठी कुटुंब गाव शोधत आले तर चहा पाजून 'इथे तसे कोणी नाही' म्हणून वाटेला लावू नका. जुन्या वाड्यांची नावे, ग्रामदैवताचे नाव आणि मानाच्या घराण्यांची नावे त्यांना सांगा. एखादे नाव त्यांच्या घरात अजून टिकलेले निघेल.

कोकणी मुसलमान घरांची कथा आणखी वेगळी. त्यांचे पुरुष जहाजांवर, आफ्रिकेत आणि पुढे आखातात गेले. केप टाउनमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. या घरांनी जमातीची पुस्तके, निकाहनामे आणि कबरींवरची नावे आधी पाहावीत, सातबारा मागाहून.

कागदांचे हे एवढे सांगितले खरे, पण पहिला दिवस कागदावर घालवू नका. कागद पुढच्या वर्षीही असेल, आजी असेलच असे नाही. तिच्याकडे बसताना थेट सन विचारू नका, तिला सन ठाऊक नसतो. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुमच्या मांडीवर कोण होते, चवदार तळ्याचा सत्याग्रह तुमच्या सासऱ्यांनी पाहिला होता का, त्यांच्या बापाला मुंबईहून कोणत्या साथीत परत आणले, असे विचारा. भूकंप १९६७ चा, सत्याग्रह १९२७ चा, मुंबईतला प्लेग १८९६ चा. या तीन खुंट्यांवर अख्खे घराणे टांगता येते. आणि बायकांची माहेरे विचारा. आपल्या वंशावळीत बायका नसतातच, किंवा असल्या तर सासरचे बदललेले नाव घेऊन. खापरपणजी कोणत्या गावची होती हे कळले की दुसऱ्या एका भावकीचे दार उघडते, आणि त्या भावकीला तुमच्या घरातल्या अशा गोष्टी ठाऊक असतात ज्या तुम्हाला नाहीत. शिमग्याला पालखी पहिली कोणाच्या दारी जाते, नारळाचा मान कोणाचा आणि का, हेही लिहून घ्या. गावात कोणते घर आधी वसले आणि कोणते मागून आले, याचा हिशोब मानपानात असतो.

इथे एक धोका आहे. मुंबईहून आलेला पुतण्या जुने सातबारे मागू लागला की चुलत्याच्या कपाळाला आठी पडते. वाटणी मागायला आला, असे तो धरून चालतो, आणि त्याचे चुकते असेही नाही. पुष्कळ जण त्यासाठीच येतात. म्हणून पहिल्या वाक्यातच सांगून टाका, "काका, मला हिस्सा नको, नावे हवीत." नुसते सांगून भागणार नाही. मिळालेल्या प्रत्येक उताऱ्याची एक प्रत त्यांच्या हातात द्या. आणि खरोखर हिस्सा हवा असेल तर वंशावळीच्या आडून जाऊ नका, वकील गाठा. नाहीतर तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला गावात दार बंद होते. दुसरे, शोधात नको ते सापडते. दुसरी बायको, दत्तक, घर सोडून गेलेली मुलगी, तुरुंग. सापडले ते वहीत लिहा, पण जिवंत माणसांच्या बाबतीत त्यांना विचारल्याशिवाय ते कौटुंबिक ग्रुपवर टाकू नका.

पैसे घेऊन वंशावळ करून देणाऱ्यांपासून सावध राहा. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात, रायगड महाड तालुक्यात, त्यामुळे प्रत्येकाला आपला पूर्वज तानाजीरावांच्या बरोबर सिंहगड चढलेला हवा असतो. असा पूर्वज विकत देणारेही भेटतात. फ्रेम छान असते, वर सोनेरी मोहोर असते. त्यांना एकच विचारा, १८०० ते १९०० मधली प्रत्येक कडी कोणत्या कागदावरून लावली? तिथे ते गडबडतात. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ही गोष्ट निराळी आहे. तिथे यात्रेला आलेल्याने स्वतः सांगितलेली नावे असतात आणि ती जरूर पाहावीत. पण फ्रेमवाल्याची साडेतीनशे वर्षे नकोत. राघूपर्यंत कागद आहे आणि त्यापुढे नाही, तर वंशावळ राघूपाशी थांबवा. खोताचे कूळ होता, मक्ता भरून पोरे वाढवली, हा पूर्वज काही हलका नाही.

शेवटी पाण्याबद्दल. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला महाड शहर बुडाले आणि तळीयेवर डोंगर आला. माणसे गेली, त्यापुढे कागदांचे दुःख कोण करणार? पण कपाटातल्या खालच्या खणातली खरेदीखते, लग्नपत्रिका आणि जुने फोटो चिखलात गेले ते कायमचे. ज्यांच्याकडे अजून काही शिल्लक आहे त्यांनी ते आजच माळ्यावर हलवावे. फोनने दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, कागद सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, कारण मागच्या बाजूला शेरे असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरे फुटतात. एक प्रत गावात, एक मुंबईत आणि एक तिसऱ्याच ठिकाणी ठेवा. जुना कागद लॅमिनेट करू नका, ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि आत कागद जळतो. भिजलेली पाने ओढून सोडवू नका, उन्हात घालू नका, इस्त्री तर अजिबात नको. सावलीत, पंख्याखाली, मध्ये कोरे कागद घालून सावकाश वाळू द्या.

मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना एक वेगळी विनंती. तुमच्या खोलीत जुनी वर्गणीची पुस्तके आहेत, सभासदांची हजेरी आहे, भिशीच्या आणि भजनी मंडळाच्या वह्या आहेत. गावात ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्याचे आणि त्याच्या बापाचे नाव कदाचित त्या वर्गणीच्या पानावरच उरलेले आहे. खोली रंगवायला किंवा इमारत पाडायला काढण्याआधी पुढच्या वार्षिक सभेत ठराव करा. यातले एकही पुस्तक रद्दीत जाणार नाही, सगळ्यांचे स्कॅन होईल आणि एक प्रत गावच्या शाळेत राहील.